नोकरी सोडलेल्या माणसाचं कार्ड : एका रिन्यूअलचा प्रकरण अभ्यास

मंगळवारी सकाळी साडेनऊला पहिली तक्रार आली आणि ती थेट आमच्या टीमकडे आली, कारण आदल्या संध्याकाळी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आम्हीच चढवली होती. एका ग्राहकाच्या सिस्टीमकडून आमच्याकडे येणाऱ्या नोंदी अडकल्या होत्या. "काल काय बदललंत?" या प्रश्नाचा आमच्या धंद्यात कोणाला राग येत नाही, बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. म्हणून आम्ही सहा जण निमूटपणे कालचे बदल उघडून बसलो. दोन तासांत आवृत्ती मागे घेऊन झाली, डेटाबेस तपासून झाला, एकमेकांवर थोडं चिडूनही झालं. तक्रारी वाढतच होत्या आणि त्यांना काही ताळतंत्र नव्हतं. एका ग्राहकाचं सगळं बंद, दुसऱ्याचं सुरळीत, तिसऱ्याचं एका ऑफिसातून चालू आणि दुसऱ्यातून बंद.

पावणेबाराला टीममधला सगळ्यात नवा मुलगा, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेला, म्हणाला, "डोमेनच आपलं नाहीये आता."

त्याच्या स्क्रीनवर आमच्या पत्त्यावर विम्याच्या आणि केसगळतीच्या जाहिराती दिसत होत्या.

डोमेनची, म्हणजे इंटरनेटवरच्या आमच्या नावाच्या पत्त्याची, मुदत नऊ दिवसांपूर्वी संपली होती. रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीने, आठवडाभर वाट पाहून नेमसर्व्हर (नावामागचा खरा पत्ता सांगणारे संगणक) बदलले आणि पत्ता स्वतःच्या जाहिरातीच्या पानाकडे वळवला. बरेच रजिस्ट्रार हेच करतात. तक्रारी अशा विस्कळीत का येत होत्या, तेही आता कळलं. डॉट कॉमच्या वरच्या पातळीवर नेमसर्व्हरची नोंद १,७२,८०० सेकंद, म्हणजे पुरे दोन दिवस, साठवून ठेवता येते. ज्याच्या रिझॉल्व्हरने (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेने) जुनी नोंद नुकतीच घेतली होती त्याच्या लेखी आम्ही जिवंत होतो, आणि ज्याच्याकडची नोंद सकाळी शिळी झाली त्याच्या लेखी आम्ही गेलो होतो. आमच्या स्वतःच्या ऑफिसात सकाळभर सगळं ठीक दिसत होतं, म्हणून तर आम्ही दोन तास कोडमध्ये घालवले.

डोमेनचं वर्षाचं शुल्क आमच्यापैकी एकाच्या दोन तासांच्या पगाराएवढं होतं. ते भरायला त्या दिवशी आठ तास लागले. पुढे तो खर्च कंपनीच्या वहीत नीट बसवायला नऊ आठवडे लागले. हे लिखाण त्या आठ तासांबद्दल आणि नऊ आठवड्यांबद्दल आहे.

हे डोमेन आलं कुठून

हे मुख्य संकेतस्थळाचं डोमेन नव्हतं. ते गेलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं आणि ते सांभाळायला माणसं नेमलेली होती. हे होतं मागच्या दाराचं : ग्राहकांच्या सिस्टीम ज्या पत्त्यावर आम्हाला माहिती पाठवत तो पत्ता. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या ग्राहकासमोर दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं आणि रात्री अकराला लक्षात आलं की वेगळं डोमेन लागणार. तेव्हाच्या आमच्या इन्फ्रा (सर्व्हर वगैरे सांभाळणाऱ्या) अभियंत्याने स्वतःच्या क्रेडिट कार्डाने ते घेतलं. पुढच्या महिन्यात खर्चाचा क्लेम टाकला, पैसे मिळाले. कालांतराने कंपनीने त्याला त्याच्या नावाचं कंपनी कार्ड दिलं, तेव्हा त्याने आठवणीने खात्यावर ते कार्ड लावलं आणि आपोआप नूतनीकरण चालू करून ठेवलं. त्याची चूक शोधायला गेलो तर सापडत नाही, हे मला आजही थोडं खुपतं.

मध्ये एक गोष्ट घडली होती, जिचा अर्थ आम्हाला फार उशिरा कळला. दोन वर्षांपूर्वी बँकेने त्याचं कार्ड बदलून दिलं. नवा नंबर, नवी मुदत. तरीही त्या वर्षीचं नूतनीकरण बिनबोभाट झालं. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही अशा सेवा आहेत की बँकेने कार्ड बदललं की नवा नंबर आणि नवी तारीख, नोंदणी केलेल्या व्यापाऱ्यांपर्यंत परस्पर पोचते. ग्राहकाला काही करावं लागत नाही. सोय म्हणून ती उत्तमच. पण त्या सोयीमुळे आमचा असा समज झाला की 'ऑटो-रिन्यू' म्हणजे कायमचं सुटलेलं कोडं. प्रत्यक्षात ते एका माणसाच्या नावावरच्या एका खात्याला लटकलेलं होतं. बदललेलं कार्ड ही सेवा शोधून काढते. बंद झालेल्या खात्याच्या जागी दुसरं खातं तिला कुठून सापडणार?

सात महिन्यांपूर्वी तो नोकरी सोडून गेला. चांगल्या संबंधांनी गेला, निरोपसमारंभ झाला. जाताना भरायची यादी बरीच लांब होती : लॅपटॉप, चार्जर, दाराचं कार्ड, कोडचे अधिकार, कंपनी कार्ड. कार्ड त्याच संध्याकाळी रद्द झालं, आणि ते तसंच व्हायला हवं होतं. मेलबॉक्स ९० दिवसांनी बंद झाला, तोही नियमानेच. 'या कार्डावर काय काय चालू आहे?' अशी ओळ मात्र यादीत नव्हती. यादी मनुष्यबळ विभागाने केली होती. त्यांच्या दृष्टीने कार्ड म्हणजे परत घ्यायचं प्लास्टिक.

डोमेनची मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर आणि साधारण आठवडाभर अशी दोन स्मरणपत्रं रजिस्ट्रारने पाठवायची, आणि तरीही नूतनीकरण झालं नाही तर मुदतीनंतर पाच दिवसांच्या आत आणखी एक, असं आयकॅनचं, म्हणजे जगभरच्या डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, धोरण ३१ ऑगस्ट २०१३ पासून लागू आहे. आमच्या रजिस्ट्रारने ते तंतोतंत पाळलं. वर कार्ड नाकारल्याची पत्रं वेगळी पाठवली. सगळी त्या बंद मेलबॉक्सकडे गेली. टपाल वेळेवर पोचलं होतं, घराला कुलूप होतं.

पैसे भरायचे, एवढंच

इथे एक कबुली द्यायला हवी. बाराच्या सुमाराला मी साहेबांना सांगितलं, "डोमेन हातचं जाऊ शकतं." ते खरं नव्हतं, निदान त्या दिवशी तरी नव्हतं. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी मुदत संपल्यावर ४५ दिवसांपर्यंतचा सवलतीचा काळ असू शकतो, त्यात रजिस्ट्रारची मर्जी चालते. हटवल्यानंतर ३० दिवस जास्तीचं शुल्क भरून सोडवून घेता येतं. मग ५ दिवस ते कोणालाच मिळत नाही, आणि त्यानंतर जो आधी येईल त्याचं. आमचं दुकान बंद होतं, पण जागा अजून आमचीच होती. मी भीती वाढवून सांगितली, कारण न वाढवता सांगितलेली गोष्ट आमच्याकडे दुपारच्या आत हलत नाही हे अनुभवाने ठाऊक होतं. नोकरशाही खोटं बोलायला शिकवते ती अशी, चोरपावलांनी. त्या दिवसातलं हे पहिलं खोटं. दुसरं पुढे येईल.

अकाउंट्सच्या मॅडमना फोन केला. त्यांनी 'नाही' म्हटलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा गोष्टींत अकाउंट्सला खलनायक करायची आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना फार खोड आहे. त्या म्हणाल्या, "अ‍ॅडमिनचं कार्ड आहे माझ्याकडे. लिंक पाठवा, लगेच भरते." लिंक कुठून पाठवणार? खात्यात शिरायला जुन्या सहकाऱ्याचा ईमेल हवा. बंद मेलबॉक्स उघडायला आयटीकडे विनंतीचं तिकीट, आणि सोडून गेलेल्या माणसाचं टपाल दुसऱ्याने वाचायचं म्हणून मनुष्यबळ विभागाची मंजुरी. हा नियम मला मान्य आहे. उद्या माझा मेलबॉक्स कोणी असाच उघडला तर मला आवडणार नाही. मंजुरी अडीचला आली, पासवर्ड बदलला, आणि समोर दुसरी पायरी उभी : त्याच्या फोनवरचा सहा आकडी कोड.

शेवटी त्यालाच फोन केला.

"अरे, एक मिनिट आहे का?"

"मीटिंगमध्ये आहे. बोल पटकन."

"ते कॉलबॅकचं डोमेन..."

पलीकडे शांतता. मग, "ते अजून माझ्याच नावावर आहे?"

तो कोड दर ३० सेकंदांनी बदलतो. दोनदा त्याने वाचेपर्यंत आणि मी टाकेपर्यंत शिळा झाला. तिसऱ्यांदा जमला. दुसऱ्या कंपनीच्या वेळेत, दुसऱ्या कंपनीच्या मीटिंगमधून बाहेर येऊन त्याने आम्हाला आमच्याच खात्यात घेतलं. त्याने उचललाच नसता फोन तर? कोणीही त्याला दोष देऊ शकलं नसतं.

आता अ‍ॅडमिनचं कार्ड टाकलं. नाकारलं. पुन्हा टाकलं, पुन्हा नाकारलं. मॅडमनी बँकेला फोन लावला, अर्धा तास संगीत ऐकलं, आणि कारण कळलं. कार्डाचा व्यवहार होतो तेव्हा बँकेकडून दोन अक्षरी उत्तर येतं; कार्डांचे संदेश ज्या आयएसओ ८५८३ मानकावर चालतात त्यातलं हे ३९ क्रमांकाच्या रकान्यातलं उत्तर. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ५१ म्हणजे पुरेसे पैसे नाहीत. आमचं आलं होतं ५७ : या कार्डधारकाला हा व्यवहार करायची परवानगी नाही. प्रत्येक व्यापाऱ्याला धंद्याच्या प्रकारानुसार चार आकडी कोड असतो, आणि कंपनी कार्डावर 'अमुक कोडच चालतील' अशी अट घालता येते. कधीतरी कोणीतरी शहाणपणाने या कार्डावर फक्त प्रवास आणि कार्यालयीन साहित्य चालेल अशी अट टाकली होती. टाकणाऱ्याचा हेतू चांगला होता. अट काढायला बँकेच्या पोर्टलवर दोन अधिकाऱ्यांची संमती लागणार होती. एक जागेवर होते, दुसरे विमानात.

तो फॉर्म

दरम्यान साहेबांनी सुचवलं की 'योग्य मार्गाने'ही सुरुवात करून ठेवू. योग्य मार्ग म्हणजे खरेदी विभाग, आणि खरेदी विभाग म्हणजे 'नवीन पुरवठादार नोंदणी' नावाचा चार पानी फॉर्म. तो मी संध्याकाळी चार ते पाच या वेळात भरला. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अशा फॉर्मवर विनोद सगळेच करतात, पण तो नीट वाचत कोणी नाही.

पहिल्या पानावर पुरवठादाराचं बँक खातं आणि बँकेचं पत्र. रजिस्ट्रार हा लाखो लोकांना स्वयंसेवा पद्धतीने डोमेन विकणारा. तो आमच्यासाठी पत्र आणून देणार नाही. दुसऱ्या पानावर तीन दरपत्रकं. मुदत संपलेल्या डोमेनचं नूतनीकरण ज्याच्याकडे ते नोंदलेलं आहे त्यालाच करता येतं; तिघांकडून दर मागणं म्हणजे आपल्याच घराची किल्ली तीन दुकानांत विचारत फिरणं. तिसऱ्या पानावर सुरक्षेची प्रश्नावली : पुरवठादार आमच्या ग्राहकांची माहिती साठवतो का, कुठे, किती काळ. चौथ्यावर सह्या.

हसू येण्यासारखं सगळं. पण तिसरं पान वाचताना मी थांबलो. या पानावरचे प्रश्न चार वर्षांपूर्वी कोणी त्या रात्री अकराला विचारले असते, तर 'खातं कोणाच्या नावावर असेल?' हा प्रश्नही ओघाने आलाच असता. फॉर्ममधला एक प्रश्न शब्दशः असा होता : 'या सेवेचा कंपनीतील मालक कोण?' म्हणजे जो प्रश्न आम्हाला बुडवून गेला, तो विचारणारं एकमेव ठिकाण हा टिंगल होणारा फॉर्म होता. आम्ही कार्डाने त्याला वळसा घातला होता, आणि वळसा घालताना त्यातले तीन निरर्थक प्रश्न चुकवले तसा हा एक कामाचाही चुकवला.

म्हणून मला क्रेडिट कार्डाबद्दल आता असं वाटतं. कंपनीत कार्ड हे पैसे देण्याचं साधन कमी आणि न विचारता 'हो' म्हणायचा अधिकार जास्त असतो. फॉर्म म्हणजे तोच अधिकार दहा जणांत वाटून टाकलेला, इतका की कोणाकडेच उरत नाही. आमच्याकडे दोन्ही टोकं शेजारीशेजारी नांदत होती आणि मधे काहीच नव्हतं : एक तर एका माणसाच्या खिशात सगळं, नाही तर कोणाच्याच हातात काही नाही. पहिल्या टोकामुळे दुसरं सुधारायची गरज कोणाला भासत नव्हती. खरेदी विभागाला वाटत होतं की फॉर्म छान चालतो, कारण त्याबद्दल तक्रार येत नव्हती. तक्रार येत नव्हती कारण कोणी तो भरतच नव्हतं. अळीमिळी गुपचिळी.

माझं कार्ड

सहा वाजता मी माझं पाकीट काढलं. नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं आहे की वैयक्तिक कार्डाने घेतलेल्या सॉफ्टवेअरचा परतावा मिळणार नाही. हा नियमही उगाच आलेला नाही. पावती कंपनीच्या नावाने नसली की हिशेबात ती धड उभी राहत नाही, आणि सुरक्षेची तपासणी चुकते ती वेगळीच. तरीही काढलं.

मी मुळात क्रेडिट कार्डाचा भोक्ता नाही. एकच आहे, तेही कामाच्या प्रवासात हॉटेलवाले अडवतात म्हणून घेतलेलं. त्यामुळे बँकेला माझी सवय ठाऊक होती : वर्षातून चार हॉटेलं. अचानक परदेशातला डोमेन विक्रेता पाहून तिच्या फसवणूक-शोधक यंत्रणेने कान टवकारले आणि ०५ आलं. हे कार्डांच्या जगातलं सगळ्यात मुखदुर्बळ उत्तर : 'मान्य करू नका', कारण सांगणार नाही. पुन्हा फोन, पुन्हा संगीत, आईचं नाव, जन्मतारीख. सात वाजून चाळीस मिनिटांनी पैसे गेले. नेमसर्व्हर परत आले. पण जसं जाणं टप्प्याटप्प्याने झालं तसंच येणंही, आणि शेवटच्या ग्राहकाचं गुरुवारी सकाळी सुरू झालं.

टीमने टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या बोचल्या, आणि का ते दोन दिवसांनी लक्षात आलं. रोग ओळखला होता त्या चार महिन्यांच्या मुलाने. पावणेबाराला त्याला कारण माहीत होतं, उपाय माहीत होता, रक्कम माहीत होती. त्याच्याकडे क्रेडिट कार्ड नव्हतं. बँकेने त्याला अजून दिलेलं नाही. माझ्याकडे होतं, म्हणून शूर मी ठरलो. क्रेडिट कार्ड म्हणजे शेवटी एका बँकेचं तुमच्याबद्दलचं मत. आमच्या टीममध्ये संकटाच्या वेळी कोण काय करू शकेल हे ते मत ठरवत होतं, आणि आम्ही त्यालाच पुढाकार असं नाव देत होतो.

या बाबतीत १९९९ सालची एक घटना मला नेहमी आठवते. त्या डिसेंबरात, ऐन नाताळात, मायक्रोसॉफ्टच्या पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनचे ३५ डॉलर भरायचे राहून गेले. हॉटमेलचं लॉगिन त्या डोमेनवरून होत असे, त्यामुळे अनेकांचं हॉटमेल उघडेना. कंपनीशी काही संबंध नसलेल्या एका लिनक्स प्रोग्रामरने कारण ओळखलं आणि स्वतःच्या क्रेडिट कार्डाने ३५ डॉलर भरून टाकले. नंतर त्याला ५०० डॉलरचा चेक आला; तो त्याने लिलावात विकून रक्कम धर्मादाय कामाला दिली. किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो. माझं लक्ष मात्र दुसरीकडे जातं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक अडली होती, आणि तिच्याकडे पैसे नव्हते म्हणून नव्हे. त्या रात्री ३५ डॉलर भरायला कार्ड काढण्याचा अधिकार आणि त्याची जाणीव, दोन्ही एकाच डोक्यात असलेला माणूस बाहेरचा निघाला.

नऊ आठवडे

मी क्लेम टाकला. पहिल्यांदा परत आला : पावती सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावाने आहे. रजिस्ट्रारच्या खात्यातलं नाव बदलून नवी पावती काढली. दुसऱ्यांदा परत आला : पुरवठादार यादीत नाही. तिसऱ्यांदा : सॉफ्टवेअर खरेदीला पूर्वमंजुरी जोडलेली नाही. मधल्या काळात माझ्या कार्डाचं बिल आलं आणि मी ते भरलं. रक्कम मामुली होती. तत्त्व म्हणून सांगायचं तर कर्मचारी कंपनीला बिनव्याजी कर्ज देत होता.

नवव्या आठवड्यात अकाउंट्सच्या मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, "हे असं सुटणार नाही. 'प्रवास व इतर' मध्ये टाका, मी पास करते."

टाकलं. हे ते दुसरं खोटं. कंपनीच्या वहीत आजही अशी नोंद आहे की त्या महिन्यात मी कुठेतरी जाऊन आलो. ही नोंद मला त्या मंगळवारपेक्षा जास्त नुकसानीची वाटते. मंगळवारचा खर्च कोणीही मोजू शकतो : सहा जणांचा दिवस, आयटी, मनुष्यबळ, अकाउंट्स, चार नाराज ग्राहक. पण 'प्रवास' म्हणून लिहिलेलं डोमेन पुढच्या वर्षी कोणत्याही शोधात सापडणार नाही. वळसा घातल्याची खूणसुद्धा आम्ही पुसून टाकली.

आढावा आणि नंतर

आढावा बैठकीत पहिली सूचना आली ती अपेक्षित : प्रत्येक डोमेनसाठी वार्षिक मंजुरीचा नवा फॉर्म. दुसरी सूचना माझ्याच टीममधून : डोमेन थेट दहा वर्षांसाठी घेऊन टाकू, डॉट कॉमला तेवढी कमाल मुदत मिळते. मला दोन्ही पटल्या नाहीत. दहा वर्षं म्हणजे त्या खोलीत बसलेल्या कोणाच्याही उरलेल्या नोकरीपेक्षा जास्त. तोवर संगणक, मेल, कदाचित कंपनीचं नावही बदललेलं असेल. आणि ज्या दिवशी मुदत संपेल त्या दिवशी 'हे काय असतं?' इथून सुरुवात होईल.

त्या वादात नव्या मुलाने प्रमाणपत्रांचं उदाहरण काढलं. टीएलएस प्रमाणपत्रंही (संकेतस्थळाशी होणारी जोडणी सुरक्षित असल्याची ग्वाही देणारी) मुदतीची असतात आणि पूर्वी आम्ही त्यांच्यावरही असेच आपटायचो. २०२० च्या सप्टेंबरपासून त्यांची कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली, आणि २०२५ मध्ये ठरल्याप्रमाणे ती १५ मार्च २०२६ पासून २००, २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस होणार. फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने तर सुरुवातीपासून ९० दिवसांचीच दिली. मुदत इतकी आखूड की हाताने करणं परवडूच नये, मशीनकडे सोपवावंच लागावं. त्यामुळे आज आमची प्रमाणपत्रं महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही न येता बदलतात. "मग डोमेन का नाही?" असं त्याने विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "कारण ते फुकट नाही." प्रमाणपत्राला कार्ड लागत नाही, म्हणून ते पूर्ण स्वयंचलित झालं. जिथे पैशाचा संबंध येतो तिथे साखळीत कुठेतरी एक माणूस, त्याचं नाव, त्याचा फोन आणि त्याची नोकरी गुंफलेली असते. आणि वर्षातून एकदा हा सगळ्यात वाईट हप्ता : विसरायला पुरेसा लांब, चावायला पुरेसा जवळ.

शेवटी आम्ही जे केलं ते फारसं दिमाखदार नाही. सेवा देणाऱ्या प्रत्येक विक्रेत्यासाठी वेगळं आभासी कार्ड (प्लास्टिक नसलेलं, नुसता नंबर) काढलं, त्याच्यावर त्या सेवेपुरती मर्यादा ठेवली आणि कार्डाला माणसाऐवजी कामाचं नाव दिलं. एखाद्या कार्डाचा नंबर फुटला किंवा एखादी सेवा नकोशी झाली तर तेवढंच बंद. रजिस्ट्रारचं खातं एका सामायिक मेलबॉक्सवर नेलं, दुसऱ्या पायरीची किल्ली दोन जणांकडे ठेवली. खरेदी विभागाचे सर आधी ठाम नकार देऊन बसले होते. त्यांना फॉर्म रद्द करा असं न म्हणता तिसऱ्या पानावरचा तो मालकीचा प्रश्न पहिल्या पानावर आणा आणि ठराविक रकमेच्या खाली बाकीची पानं गाळा असं सुचवलं, तेव्हा ते तयार झाले. ते इतकी वर्षं कोणीतरी त्यांचा फॉर्म वाचावा याचीच वाट पाहत होते, असा मला संशय आहे. नोकरी सोडतानाच्या यादीत एक ओळ वाढली. नव्या मुलाला त्यातल्या चार कार्डांचा ताबा मिळाला. बँकेचं त्याच्याबद्दलचं मत आता आड येत नाही.

याआधी एक कंटाळवाणं काम करावं लागलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात उपयोगी तेच ठरलं. मॅडमनी सगळ्या कंपनी कार्डांची वर्षभराची विवरणपत्रं काढून दिली आणि आम्ही दोघं एकेक ओळ घेऊन 'हे कोणाचं?' असं विचारत मजल्यावर फिरलो. कार्डाच्या विवरणपत्रावर व्यापाऱ्याचं नाव अर्धवट, मोठ्या अक्षरांत, कधी मूळ कंपनीच्या भलत्याच नावाने येतं. निम्मा वेळ ते ओळखण्यातच गेला. बहुतेक ओळींना मालक सापडले. काही सेवा दोन टीम वेगवेगळ्या भरत होत्या. सोडून गेलेल्या माणसांच्या नावाने चालू असलेली खाती आणखी तीन निघाली. त्यातलं एक आमच्या बॅकअपचं होतं. ते पाहून मॅडमनी पाणी मागवलं.

एक ओळ मात्र उरली. दर महिन्याच्या चार तारखेला जाणारी छोटी रक्कम, नाव अगम्य, मालक कोणी नाही. आठवडाभर विचारलं. कोणी हो म्हणेना आणि बंद करा असंही म्हणेना. शेवटी मॅडम म्हणाल्या, "बंद करू आणि कोण ओरडतंय ते बघू." गुरुवारी सकाळी अकराची वेळ ठरवली, म्हणजे ओरड झालीच तर सगळे जागेवर असतील. अकराला बंद केलं. मुलगा डॅशबोर्ड उघडून बसला होता, मी फोन हातात घेऊन.

आज त्याला सहा आठवडे झाले. कोणी ओरडलेलं नाही. ते कार्ड मॅडमनी अजून रद्द केलेलं नाही.